व्याह्यांच्या चुरगळलेल्या शर्टासोबत मुंबई

शुक्रवार

ताईचा मुलगा नेदरलँड्समध्ये, उट्रेख्टला असतो. तिथलीच मुलगी केली. तिचे आईवडील पहिल्यांदाच भारतात यायचे होते, ताईकडे पुण्याला. पण ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे मुंबईचे दिवस माझ्या वाट्याला आले. ताईचे व्याही म्हणजे माझेही व्याहीच. सोफ्याची कव्हरं बदलली, आईनं ठेवणीतली इरकल नेसली, मी रजा टाकली आणि रात्री सहार विमानतळावर त्यांना आणायला गेले.

माणसं बाहेर आली ती अशी: व्याह्यांच्या अंगात बिनइस्त्रीचा, रंग उडालेला लिननचा शर्ट, खाली ढगळ सुती पँट, पायात सँडल. विहीणबाईंच्या कानात काही नाही, गळ्यात काही नाही, बोटातही काही नाही. ते वकिलीच्या धंद्यातून निवृत्त झालेले, त्या दातांच्या डॉक्टर. कालव्याकाठी घर, स्वतःची छोटी बोट. हे सगळं आईला ठाऊक होतं. तरी दोघं आंघोळीला गेल्यावर ती हळूच म्हणाली, "लांबचा प्रवास ना, म्हणून जुने घातले असतील."

जुने नव्हते, मुद्दाम निवडलेले होते. जेवताना विहीणबाईंनीच सांगितलं. आधी भारतात येऊन गेलेल्या मैत्रिणींनी त्यांना बजावलं होतं, की तिथं फार गरिबी आहे, दागिने नेऊ नका, साधं राहा, लोकांच्या डोळ्यांत येईल असं काही घालू नका. म्हणून लग्नाची अंगठीसुद्धा घरी ठेवून आलेल्या. इथे त्यांच्यासमोर माझी आई ठेवणीतली साडी आणि चार बांगड्या घालून पोळ्या वाढत होती. त्यांनी आमचा मान राखायला उतरवलं होतं आणि आम्ही त्यांचा राखायला चढवलं होतं.

शनिवार

पहाटे ससून डॉक. १८७५ सालची ही गोदी. मासळीचा लिलाव बघायचा तर अंधारात निघावं लागतं. आत फोटोला मनाई, हे एका परीनं बरंच. कॅमेरा नसला की माणूस बघतो तरी.

ओली फरशी, बर्फाचा चिखल, टोपल्या, आरडाओरडा. विहीणबाई एका कोळणीपाशी थबकल्या. कासोटा घातलेलं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, पाय अनवाणी, हात खवल्यांनी चकाकणारे. विहीणबाईंनी मला विचारलं, "हिला शंभर रुपये दिले तर चालेल का?" मी म्हटलं, जरा मनगटं बघा. खवल्यांच्या वर कोपराकडे पिवळ्याधमक बांगड्या आणि पाटल्या होत्या. गळ्यात जे होतं त्याचा भाव मी मनात केला आणि सोडून दिला. बाई फोनवर कुणाला तरी पापलेटचा दर ऐकवत होती. घरची बोट, घरचे खलाशी, लिलाव तिच्या हातात. पैसे देण्याचा बेत तिच्या कानावर गेलाच. ती हसली. "पैशे ठेव तुज्याकडं. बांगडं घे हवं तर."

तिच्यापासून दहा पावलांवर कोळंबी सोलणाऱ्या बायका बसल्या होत्या. त्याही तशाच भिजलेल्या, तशाच अनवाणी. त्या मात्र किलोमागे ठरलेल्या मजुरीवर काम करणाऱ्या. लांबून पाहिलं तर दोघींत काही फरक नाही. फरक दिसायला लुगड्याकडे बघून भागत नाही. पाटावर कोण बसलंय आणि फरशीवर कोण, दर कोण सांगतंय आणि कोण ऐकतंय, ते बघावं लागतं. व्याह्यांना हे पटकन कळलं. वकील माणूस.

तिथून निघालो तेव्हा सगळ्यांच्या पायांना मासळीचा वास येत होता. व्याह्यांना कॉफी हवी होती आणि जवळच्याच एका पंचतारांकित हॉटेलात जायचं ठरलं. नाव सांगत नाही. दारावर फेटा बांधलेला, मिशीला पीळ दिलेला दरवान होता. त्या सगळ्या रस्त्यावर त्याच्याइतका कडक कपड्यांतला माणूस दुसरा नव्हता. व्याही पुढे होते, तो कालचाच शर्ट, सँडलला खवले चिकटलेले. दार उघडलं, सलाम झाला. विहीणबाई गेल्या, सलाम झाला. मी धुतलेला, इस्त्रीचा खणाचा कुर्ता घालून मागून आले. "मॅडम, कुणाला भेटायचंय?" असं इंग्रजीत विचारणं झालं. मी मराठीत म्हटलं, "आत्ता आत गेले ना, त्यांची विहीण आहे मी." बिचारा ओशाळला. "माफ करा ताई, ड्यूटी आहे." साताऱ्याकडचा होता. त्याच्यावर कसला राग धरायचा? कुणाच्या चुरगळलेल्या कपड्यांना हौस समजायचं आणि कुणाच्या चुरगळलेल्या कपड्यांना गबाळेपणा, हे काही त्यानं ठरवलेलं नाही.

आत गेल्यावर मी व्याह्यांना एम. एफ. हुसेन यांची गोष्ट सांगितली. एवढे मोठे चित्रकार, पण अनवाणी हिंडायचे म्हणून मुंबईतल्या एका जुन्या क्लबानं त्यांना दारातून परत पाठवलं होतं. व्याही आपल्या सँडलकडे बघून म्हणाले, "म्हणजे माझ्या पायांना माझ्या रंगाचा फायदा मिळाला." मी हे तोंडानं बोलणार नव्हते. ते आपणहून बोलले, म्हणून पुढचे दिवस सोपे गेले.

रविवार

मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी पुष्कळ लोकल बंद. घरीच होतो. दुपारी विहीणबाईंनी आईला विचारलं, जीन्स कधी घालून पाहिली का? आईनं उत्तरादाखल आनंदीबाई जोशींचा विषय काढला. १८८३ साली एकटी अमेरिकेला गेलेली, फिलाडेल्फियाच्या थंडीत साडी न सोडता डॉक्टर झालेली. मी फोनवर १८८५चा तो प्रसिद्ध फोटो काढून दाखवला: साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानी केई ओकामी आणि सिरियाच्या पोशाखातल्या सबात इस्लामबुली. तिघी एकाच कॉलेजच्या. विहीणबाई बराच वेळ तो फोटो मोठा करून बघत राहिल्या. त्यांनी विचारलं, तिघींपैकी श्रीमंत कोण होती? आई म्हणाली, "ते फोटोत कुठं कळतंय?"

सोमवार

दादरहून महालक्ष्मी. गर्दी ओसरल्यावर निघालो, तरी व्हायची ती चेपाचेप झालीच. जाताना आम्ही दोघी सेकंड क्लासच्या लेडीज डब्यात चढलो, येताना मुद्दाम फर्स्टमध्ये. विहीणबाई दोन्ही डबे न्याहाळत होत्या. तेच कुर्ते, त्याच लेगिंग्ज, तेच इस्त्रीचे दुपट्टे, तेच डबे आणि तीच मोत्यांची छोटी कानातली. भाड्यात मात्र कितीतरी फरक. त्यांच्याकडे क्लासचा फरक कपड्यांत दिसत नाही तो ज्यांच्याकडे आहे ते लपवतात म्हणून. आमच्याकडे दिसत नाही तो ज्यांच्याकडे नाही ते जपतात म्हणून. हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी आपल्या माजी पंतप्रधान रुत्ते यांचं उदाहरण दिलं. ते सायकलवरून ऑफिसला जायचे, आणि लोकांना त्यात काही विशेष वाटायचं नाही. मी म्हटलं, आमच्याकडे नगरसेवक सायकलवर दिसला, तर मागून फोटोग्राफर पळत असतो.

महालक्ष्मीचा धोबीघाट पुलावरून बघितला. १८९० सालचा घाट, दगडी हौदांच्या रांगा, गुडघाभर साबणाच्या पाण्यात उभे राहून कपडे आपटणारी माणसं. एका ठिकाणी एकाच वेळी सर्वांत जास्त माणसांनी हातानं कपडे धुतल्याचा गिनीज विक्रमही या घाटाच्या नावावर आहे, २०११चा. पुलावर परदेशी पाहुण्यांची गर्दी. "किती गरिबी," असं कुणीतरी डचमध्ये म्हटलं असावं, कारण व्याही एकदम वळून त्या माणसाशी बोलायला गेले. मी त्यांना दोऱ्यांकडे बघायला सांगितलं. एका दोरीवर हॉस्पिटलचे हिरवे कपडे, दुसऱ्या दोरीवर हॉटेलच्या पांढऱ्या चादरी, कदाचित शनिवारच्या त्या हॉटेलच्याही, आणि पलीकडे एकाच निळ्या रंगाच्या नव्याकोऱ्या जीन्स, दुकानात जाण्याआधी धुवून मऊ करायला आलेल्या. पाण्यात उभा असलेला माणूस तेवढा दिसतो. त्याच्या हातातलं कापड कुणाचं, हे पुलावरून दिसत नाही. पुलाची हीच तर सोय आहे.

गाडी लोअर परळवरून गेली तेव्हा मॉलच्या काचा दिसल्या आणि माझं गिरणगाव निघालंच. १८५४ साली इथं पहिली कापडगिरणी काढायचं ठरलं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांनी संप पुकारला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यांत आमचे बाबाही होते. मिलच्या दुकानातून स्वस्तात कटपीस यायचा. एकाच छापाचा माझा फ्रॉक, भावाचा शर्ट आणि खिडकीचा पडदा. आता त्या आवारात शर्ट विकतात तो बाबांच्या तेव्हाच्या महिन्याच्या पगाराहून महाग. या मॉलमध्ये जायचं का, असं विहीणबाईंनी विचारलं. मी नको म्हटलं.

दुपारी त्यांनी आधीच नोंदवलेली धारावीची फेरी होती. झोपडपट्टी दाखवायच्या फेऱ्या मला आवडत नाहीत. पण एकटं सोडणंही बरं दिसेना, म्हणून बरोबर गेले. चामड्याचे कारखाने, प्लॅस्टिक वेगळं करणाऱ्या खोल्या, शिलाई मशिनींच्या रांगा, हे सगळं गाइडनं नीट दाखवलं. पण पाहुण्यांची नजर अडकली ती भलत्याच गोष्टीवर. हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील अशा गल्लीतून शाळेतून परतणारी पोरं येत होती. पांढरे शर्ट, टाय, दोन वेण्यांना लाल रिबिनी, पॉलिश केलेले बूट. त्यांच्यामागून पट्टी मारल्यासारख्या इस्त्रीचा आकाशी शर्ट घातलेला एक तरुण, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, गटारावरून अलगद पाय टाकत बीकेसीच्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या दिशेनं निघालेला. तो संध्याकाळच्या पाळीला निघाला असावा. मिठी नदी ओलांडली की काचेच्या इमारती. चालत जाण्याइतकं अंतर.

"म्हणजे हे तितके गरीब नाहीत," विहीणबाई म्हणाल्या.

मला बरंच काही म्हणायचं होतं. जमलं तेवढं म्हटलं. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं असतात आणि भिंतीवर खिळ्याला, प्लॅस्टिकच्या पिशवीत, एक शर्ट टांगलेला असतो. त्याला कुणी हात लावत नाही. नोकरी देणारा घर बघायला येत नाही, शर्ट बघतो. बँकेतला माणूस, शाळेतल्या बाई, लोकलमधला शेजारी, सगळे शर्टच बघतात. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला कपड्यामागे दहा रुपये घेतो, आणि ते दहा रुपये भाजीतून वाचवून दिलेले असतात. तुमच्याकडे चुरगळलेला शर्ट घालून बँकेत गेलं तर मॅनेजर बसा म्हणतो. या पोरानं तसं करून चालेल का? विहीणबाईंनी नवऱ्याच्या शर्टाकडे पाहिलं. त्यांच्या मनात काय आलं ते मी विचारलं नाही.

मंगळवार

ऑपेरा हाउस. हिऱ्यांचा मोठा बाजार २०१० मध्ये बीकेसीच्या भारत डायमंड बोर्समध्ये गेला, तरी पंचरत्न इमारतीच्या आसपास अजून माणसं घोळक्यानं उभी असतात. अर्ध्या बाह्यांचे शर्ट, साधी पँट, चपला, हातात कटिंग चहा. व्याह्यांना वाटलं, कामाच्या शोधात थांबलेत. एवढ्यात एकानं खिशातून कागदाची घडीव पुडी काढली, उलगडली, दुसऱ्यानं डोळ्याला भिंग लावलं. चार लोक त्या पुडीत डोकावले, मान हलली, पुडी परत खिशात. ज्याच्याजवळ सगळ्यात जास्त माल, तोच सगळ्यात कमी नजरेत भरेल असा राहतो. बंडीला आतून चोरखिसा असतो, वर मळखाऊ शर्ट. मैत्रिणींनी विहीणबाईंना दिलेला सल्ला या लोकांनी कधीच अमलात आणलाय, फक्त कारण वेगळं.

तिथून गावदेवीला मणिभवन. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की इथे उतरायचे. वरच्या मजल्यावर चरखा आणि गादी आहे. ३१ जुलै १९२१ ला परळला विदेशी कापडाची मोठी होळी झाली आणि त्याच वर्षी २२ सप्टेंबरला मदुराईत त्यांनी सदरा-टोपी सोडून पंचा धरला. व्याह्यांना ही खोली फार भावली. म्हणाले, साधेपणाचा हा मार्ग आम्हाला समजतो.

मी त्यांना तशीच दादरला, हिंदू कॉलनीत राजगृहावर घेऊन आले. आमच्या नायगावच्या घरापासून चालत जाता येतं. बाबासाहेबांचा हा बंगला, खाली स्मारक, भिंतींवर फोटो. सूट, टाय, चष्मा, खिशाला पेन. विहीणबाईंनी तो प्रश्न विचारला जो मला अपेक्षित होता: सर्वांत गरिबांचा पुढारी आणि थ्री-पीस सूट?

सांगायला बसले आणि संध्याकाळ झाली. मनुस्मृतीत चांडाळांनी प्रेतांवरची वस्त्रं वापरावीत असं लिहून ठेवलं आहे. कुणी काय नेसायचं, किती खाली नेसायचं, कुठला धातू अंगावर घालायचा, हे जातीनं ठरवलेलं होतं. रस्त्यानं जाणारी बाई कोण ते दुरून लुगड्यावरूनच ओळखू यावं, अशी ती व्यवस्था. १९२७च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी बायकांना वेगळं बसवून सांगितलं, की जात ओळखू येईल असं लुगडं नेसणं सोडा, ते जडशीळ दागिने टाका, कपडे फाटके असले तरी स्वच्छ ठेवा. बॅरिस्टरीतून आलेला गांधीजींचा पंचा हा त्याग होता, कारण त्यांच्यापाशी सोडायला सूट होता. ज्याच्या समाजाला पिढ्यानपिढ्या धड कापड अंगाला लावायची मुभा नव्हती, त्यानं पंचा नेसला तर तो त्याग कुणाला दिसणार? तो नेहमीचाच महार दिसला असता. म्हणून कोलंबिया आणि लंडनहून आलेला हा माणूस कडक सुटात उभा राहिला, आणि आज गावोगावच्या पुतळ्याला निळा सूट असतो. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात, तेही मळक्या कपड्यांत नाही, पांढऱ्याशुभ्र.

मला स्वतःला या दोघांत निवड करायची नाही. पण परदेशी पाहुण्यांना पंचा लगेच कळतो आणि सूट कळायला वेळ लागतो, एवढं मात्र खरं. आपल्यातल्याही पुष्कळांचं तसंच आहे.

बुधवार

सकाळी फॅशन स्ट्रीट. आझाद मैदानासमोरची ती लांबच लांब रांग. एका ठेल्यावर विहीणबाईंना आपल्याच ब्लाउजचं भावंड सापडलं. तेच कापड, तीच बटणं, कॉलरमागचं लेबल कातरीनं मधोमध कापलेलं. परदेशी कंपन्यांची ऑर्डर उरली किंवा शिलाईत खोट निघाली की माल इथे येतो. त्यांनी उट्रेख्टला मोजलेली किंमत ऐकून मुलगा म्हणाला, "मॅडम, मग इथून चार घ्या." घेतले. मी घासाघीस करून आणखी पन्नास कमी केले, ते त्यांना फार आवडलं नाही.

मंगळदास मार्केटात कापडाचे ठाण बघताना विहीणबाईंच्या आजीचा विषय निघाला. आजी फ्रीसलंडमधल्या हिंदेलोपेन गावची. तिथल्या बायकांच्या जुन्या सणाच्या पोशाखात फुलाफुलांच्या छापील सुती कापडाची जाकिटं असत, आणि ते कापड डच ईस्ट इंडिया कंपनीच्या गलबतांतून भारताच्या कोरोमंडल किनाऱ्यावरून यायचं. म्हणजे एके काळी त्यांच्या गावात ऐपत दाखवायला आपलं कापड अंगावर मिरवायचे.

दुपारी घरी आलो तर बोहारीण आलेली. हल्ली सोसायटीचे वॉचमन त्यांना सोडत नाहीत, पण आईनं खिडकीतून हाक मारून वर घेतलं होतं. दारात स्टीलच्या भांड्यांची टोपली, समोर आईच्या जुन्या साड्या, भावाच्या पँटी. एका परातीवरून घमासान चाललेलं. व्याही मांडी घालून तिथेच बसले. एवढा रस त्यांनी गेट वे ऑफ इंडियातही दाखवला नव्हता. मग सांगू लागले. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनांच्या ताब्यातल्या पश्चिम हॉलंडमध्ये अन्न संपलं, वीस हजारांहून जास्त माणसं उपासमारीनं गेली. त्यांची आजी ॲमस्टरडॅमहून पायपीट करत खेड्यात जायची आणि लग्नातल्या चादरी, टेबलक्लॉथ शेतकऱ्याला देऊन बटाटे आणायची. शेतकऱ्यांच्या घरात मग गालिचे आणि चादरींच्या थप्प्या लागल्या. घरात कपाटभर कापड असणं म्हणजे काय, हे त्यांच्या आईला जन्मभर विसरता आलं नाही. तिनं नवं घ्यायचं टाळलं, मुलालाही तेच शिकवलं. त्यांचा शर्ट दहा वर्षांचा होता. मैत्रिणींचा सल्ला त्यांच्या कामाचा नव्हताच, ते घरीही असेच राहतात.

आईला मी हे सगळं मराठीत सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग ठीक आहे." त्या दिवसापासून तिनं त्यांचे शर्ट गुपचूप इस्त्रीला टाकणं बंद केलं. हो, शुक्रवारपासून टाकत होती. त्यांना वाटत होतं, मुंबईच्या हवेनं लिनन सरळ होतंय.

व्याही आत गेले आणि एक शर्ट घेऊन आले, परातीच्या सौद्यात आमच्याकडून भर म्हणून. बोहारणीनं तो उजेडात धरला, कॉलर उलटी करून पाहिली, काखेत बोट फिरवलं. "नाय चालणार. रंग गेलाय, सारखं चुरगळतंय. हे कोण घेल? टेरिकॉट असलं तर द्या." तिचं बरोबर होतं. ती हे कपडे धुवून, उसवलेलं शिवून, इस्त्री करून विकते. घेणारा मजूर असतो, त्याला टिकणारं आणि नीट दिसणारं हवं असतं. उरलेल्या चिंध्या गॅरेजवाले पुसायला नेतात. व्याह्यांनी विचारलं, आम्ही सुपरमार्केटबाहेरच्या पेटीत टाकतो त्या कपड्यांचं काय होतं? त्यातले पुष्कळसे लोकरीचे पानिपतला येतात, मी म्हटलं. तिथे ते फाडून, पिंजून, पुन्हा सूत काढून ब्लँकेटं करतात. त्यांनी शर्ट घडी करून परत नेला. नाकारला गेल्याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं.

परात आईला मिळाली, एक जास्तीची साडी देऊन.

गुरुवार

संध्याकाळी डेक्कन क्वीनला बसवायला स्टेशनवर गेलो. १९३०पासून धावणारी गाडी, व्याह्यांना तिचं इंजीन बघायचं होतं, ते प्लॅटफॉर्मच्या टोकाला गेले. ताईचे दोन फोन येऊन गेले होते. पुण्याला स्टेशनवर हार घेऊन मंडळी येणार, दुसऱ्या दिवशी सत्यनारायण, शेजारीपाजारी, फोटोग्राफर. विहीणबाई जरा चिंतेत दिसल्या. अंगठी नाही, नेकलेस नाही, बॅगेत फॅशन स्ट्रीटचे चार ब्लाउज. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, पुण्यात काय घातलं म्हणजे बरोबर ठरेल?

मी म्हटलं, पुण्यात काहीही घाला, त्यात चूक काढणारं कुणीतरी भेटेलच, तेव्हा निवांत राहा. त्यांनी वही काढली आणि तारीख घालून ते लिहून घेतलं.